बुडतात ते पॉइंट कोणाचे?

एका हॉटेल-साखळीच्या सदस्यत्वात माझे अठरा हजारांहून थोडे अधिक पॉइंट साठले होते; मुक्कामागणिक मिळणारे आणि पुढच्या मुक्कामासाठी वापरता येणारे. ते साठायला सहा वर्षे लागली आणि जायला एक रात्र पुरली. मी गाफील नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. शेवटच्या मुक्कामाला किती महिने लोटले याचा हिशेब मी ठेवला होता, मुदत महिनाअखेरीस संपणार हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच सहा दिवस आधी त्यांच्याच संकेतस्थळावरच्या खरेदी-दालनातून मी एक टॉर्च मागवली होती. टॉर्चची गरज नव्हती; खात्यावर काहीतरी हालचाल नोंदली जावी, एवढाच हेतू होता. टॉर्च तीन दिवसांत हातात पडली. तिचे पॉइंट खात्यावर चढायला मात्र पाच आठवडे लागले, आणि 'हालचाल' म्हणजे खरेदीचा दिवस नसून पॉइंट जमा झाल्याचा दिवस, असे अटींच्या कितव्या तरी पानावर लिहिलेले होते. ग्राहक-सेवेतल्या मुलीने ते कलम मला फोनवर अदबीने वाचून दाखवले आणि तितक्याच अदबीने ती पुढे म्हणाली, "सर, शुल्क भरलंत तर सगळे पॉइंट आजच परत मिळतील."

ते ऐकले आणि रागापेक्षा कुतूहल वरचढ ठरले. पैसे भरल्यावर जे परत मिळते ते संपलेले नसते. औषधाची मुदत उलटली की त्याचा गुण जातो आणि तो कोणतेही शुल्क भरून परत येत नाही. तिथे मुदत ही त्या वस्तूच्या स्वभावातच असते. पॉइंट हा संगणकातला एक आकडा आहे. तो कंपनीच्या नियमाने शून्य होतो आणि कंपनीच्याच दरपत्रकाने पूर्ववत होतो. त्याला 'कालबाह्य झाला' म्हणणे म्हणजे घडलेल्या गोष्टीतला कर्ता लपवणे आहे. काळाने काहीच केलेले नसते. कोणीतरी तो आकडा काढून घेतलेला असतो. मग तो कोणाच्या खात्यातून काढला जातो आणि त्याचा लाभ कोणाकडे जातो, हे विचारणे भाग आहे.

विमान आणि हॉटेलांचे पॉइंट हा सुखवस्तू लोकांच्या हौसेचा विषय आहे, त्यात सार्वजनिक चिंता करण्याजोगे काय, असे म्हणून हा प्रश्न सहसा झटकला जातो. मला याच्या नेमके उलट वाटते. मुदतीच्या नियमांचा फटका सतत प्रवास करणाऱ्याला जवळजवळ बसतच नाही. तो बसतो दोन-तीन वर्षांतून एकदा विमानात चढणाऱ्याला, आजारी नातेवाइकाला भेटायला किंवा एखाद्या परीक्षेसाठी परगावी जाणाऱ्याला. आणि याच माणसाला आपले पॉइंट किती, ते कधी जाणार आणि कसे वाचवायचे, याची सर्वांत कमी माहिती असते.

पॉइंट ही 'भेट' आहे या समजुतीपासून सुरुवात करावी लागेल, कारण मुदतीचे समर्थन तिच्यावरच उभे आहे. अमेरिकेत १९७८ साली विमानप्रवासाच्या भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले. भाडी खुली झाली, स्पर्धा वाढली आणि प्रवासी आपल्याकडेच कसा टिकवायचा हा प्रश्न कंपन्यांपुढे आला. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ मध्ये मैलांवर आधारित योजना काढली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'एअॅडव्हान्टेज' सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना बाजारात आणली. हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल-साखळ्या १९८३ मध्ये या वाटेने गेल्या, हिल्टन १९८७ मध्ये. त्या काळात कल्पना सोपी होती: विमान उडाले की त्यातली रिकामी खुर्ची कायमची वाया जाते, हॉटेलातली रिकामी खोली सकाळ झाली की वाया जाते, मग ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली तर आपले फारसे काही जात नाही आणि त्याची निष्ठा मिळते. त्या टप्प्यावर पॉइंटला बक्षीस म्हणणे अगदीच चूक नव्हते.

पुढे बँका आल्या आणि व्यवहाराचे रूप पालटले. क्रेडिट कार्डावर खर्च करणाऱ्याला पॉइंट द्यायचे म्हणून बँका विमानकंपन्यांकडून पॉइंट रोख पैसे मोजून घाऊक विकत घेऊ लागल्या. पॉइंट हा स्वतःच विकायचा माल झाला. तो किती मौल्यवान आहे हे साथीच्या काळात उघडे पडले. विमाने जमिनीवर उभी होती, तेव्हा २०२० मध्ये युनायटेडने आपली पॉइंट-योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले आणि त्यासाठी मांडलेल्या कागदपत्रांत त्या योजनेचे मूल्य सुमारे २,१९० कोटी डॉलर दाखवले. त्याच वर्षी डेल्टाने अशाच तारणावर ९०० कोटी आणि मार्च २०२१ मध्ये अमेरिकनने १,००० कोटी डॉलर उभारले. गुंतवणूकदारांनी कर्ज दिले ते कंपनीच्या औदार्याकडे बघून नव्हे. पॉइंटांच्या विक्रीतून वर्षानुवर्षे येणाऱ्या रोकडीकडे बघून.

याहून ठोस पुरावा कंपन्यांच्या हिशेबवह्यांत आहे. आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय लेखा-मानकानुसार तिकिटासोबत पॉइंट दिले, तर तिकिटाच्या किमतीतला काही भाग त्या पॉइंटांचा समजावा लागतो आणि तो लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. ते देणे म्हणून बाजूला ठेवावे लागते. समजा तिकीट शंभराचे आहे आणि त्यावरच्या पॉइंटांची किंमत ढोबळमानाने पाच ठरते. मग कंपनीने आज पंचाण्णवच कमावलेले असतात. उरलेले पाच ग्राहकाला पुढे द्यायच्या सेवेपोटी आगाऊ घेतलेले असतात. ग्राहकाने पॉइंट वापरले की ते पाच उत्पन्नात येतात. जे पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत असा कंपनीचा अंदाज असतो, त्यांना लेखापरीक्षकांच्या परिभाषेत 'ब्रेकेज' म्हणतात, आणि त्यांचे पैसेही यथावकाश उत्पन्नातच जमा होतात. म्हणजे वहीत लिहिलेले असते की ग्राहकाने याचे पैसे दिलेले आहेत. जाहिरातीत म्हटलेले असते की हे मोफत आहे. आणि अटींच्या पानावर लिहिलेले असते की ही कंपनीची मालमत्ता असून ती कधीही रद्द करता येईल. एकाच वस्तूची ही तीन वर्णने तीन वेगवेगळ्या वाचकांसाठी केलेली आहेत, आणि त्यांतले खोटे बोलून चालणार नाही असे वर्णन फक्त पहिले आहे.

आता मुदतीकडे येऊ. मुदत दोन प्रकारची असते, आणि हा भेद सदस्य होताना बहुतेकांना कोणी सांगत नाही. पहिल्या प्रकारात पॉइंट मिळाल्याच्या दिवसापासून घड्याळ सुरू होते आणि तुम्ही काहीही केले तरी ते थांबत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे मैल (विमानकंपन्या पॉइंटांना बहुधा मैलच म्हणतात) ३६ महिन्यांनी जातात, ते याच प्रकारचे. दुसऱ्या प्रकारात खात्यावर ठरावीक काळ काहीच हालचाल झाली नाही तर सगळे पॉइंट एकदम जातात. हालचाल झाली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. अमेरिकन एअरलाइन्सकडे आणि मॅरियट व हयात या हॉटेल-साखळ्यांकडे हा काळ २४ महिन्यांचा आहे, क्वान्टस या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीकडे १८ महिन्यांचा, तर हॉलिडे इन ज्या हॉटेल-समूहाचे आहे त्या आयएचजीकडे जेमतेम १२ महिन्यांचा. दुसरा प्रकार सौम्य वाटतो, आणि एका अर्थी तो आहेही. पण त्याचा घाव मोठा असतो, कारण पहिल्या प्रकारात जुने पॉइंट थोडेथोडे गळतात आणि दुसऱ्यात सगळी पुंजी एका रात्रीत जाते.

मुदतीच्या नियमांना अपवाद कोणासाठी आहेत हे पाहिले की त्यांचा स्वभाव कळतो. आयएचजीमध्ये वरच्या श्रेणीतल्या सदस्यांचे पॉइंट, ती श्रेणी टिकून असेपर्यंत, जात नाहीत. लुफ्तान्सा-समूहाच्या माइल्स अँड मोअरमध्ये ३६ महिन्यांची मुदत आहे, पण मानाचा दर्जा मिळवलेल्या सदस्यांना ती लागू होत नाही. अमेरिकनमध्ये कंपनीचे क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्याला मुदतीची चिंता नाही. म्हणजे जो वर्षाला पन्नास वेळा उडतो आणि ज्याची तिकिटे बहुधा त्याची नोकरी देणारी कंपनी काढते, त्याचे पॉइंट सुरक्षित. ज्याची पत कार्ड मिळण्याइतकी आहे, त्याचेही सुरक्षित. उरतो तो स्वतःच्या खिशातून, क्वचित आणि गरजेपुरता प्रवास करणारा. त्याच्या तिकिटातही ते पाच होतेच. ते पाच त्याने भरले, त्याचे पॉइंट बुडाले आणि त्या बुडण्यातून जी बचत झाली तिच्या जोरावर वरच्या श्रेणीतल्या सदस्याला अधिक उदार सवलत देणे कंपनीला परवडले. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडून घेऊन ज्याच्याकडे जास्त आहे त्याला देण्याची ही व्यवस्था आहे, आणि ती इतकी शांतपणे चालते की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही तिचा पत्ता नसतो.

यावर जाणकार मंडळी म्हणतात की पॉइंट जिवंत ठेवणे काही कठीण नाही, थोडी सवय लागते. ते खरे आहे आणि त्या युक्त्या सांगायला माझी हरकत नाही. हालचालीवर चालणाऱ्या योजनेत कंपनीच्या खरेदी-दालनातून एखादी लहान वस्तू घेणे, भागीदार कंपनीची मोटार भाड्याने घेताना सदस्य-क्रमांक देणे, क्रेडिट कार्डाचे पॉइंट किमान संख्येत वळते करणे, थोडेसे पॉइंट एखाद्या संस्थेला दान करणे किंवा लहानसहान गोष्टीसाठी वापरून टाकणे, असे मार्ग अनेक ठिकाणी चालतात. पण प्रत्येक मार्गात एक मेख आहे. खरेदीचे पॉइंट चढायला आठवडे लागतात, म्हणून मुदतीच्या दोन-अडीच महिने आधीच हात-पाय हलवायला हवेत. माझी टॉर्च इथेच हरली. कार्डावरून वळवलेले पॉइंट पुन्हा कार्डावर आणता येत नाहीत, म्हणजे एक पुंजी वाचवायला दुसरी पुंजी कायमची अडकवावी लागते. कुटुंबातल्या माणसाला पॉइंट दिले तर काही योजनांत ती हालचाल धरली जाते, काहींत धरली जात नाही, आणि कुठे काय चालते हे अटी वाचल्याशिवाय कळत नाही.

मिळाल्यापासून घड्याळ चालणाऱ्या योजनेत यांतले काहीच उपयोगी पडत नाही. तिथे मुदतीपूर्वी आरक्षण करणे हा एकच खरा उपाय आहे. समाधानाची बाब एवढीच की क्रिसफ्लायरसारख्या योजनांत आरक्षणाची तारीख मुदतीच्या आत असली की पुरते, प्रवास नंतरचा चालतो. मात्र ते आरक्षण रद्द करावे लागले आणि तोवर मुदत उलटली असेल, तर अनेक ठिकाणी मैल परत येत नाहीत, किंवा आल्याआल्या बाद होतात.

आता या सगळ्या युक्त्या एका ओळीत मांडून पाहाव्यात. पॉइंट वाचवण्यासाठी जे जे करायला सांगितले जाते, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीतून कंपनीला काहीतरी मिळते. खरेदी-दालनातून विक्रेत्याकडून दलाली मिळते, कार्डाच्या पॉइंटांचे पैसे बँकेकडून मिळतात, दान केलेले पॉइंट कंपनीच्या वहीतल्या देण्यातून कमी होतात आणि मुदतवाढीचे शुल्क तर रोखच असते. म्हणून मुदत ही केवळ देणे कमी करण्याची सोय नाही. ग्राहकाने ठरावीक अंतराने दुकानात यावे यासाठी टांगलेली ती घंटा आहे. 'तुमचे पॉइंट संपत आहेत' ही सूचना जाहिरातीपेक्षा प्रभावी ठरते, कारण नवे काही मिळवण्याच्या लोभापेक्षा हातचे जाण्याची भीती माणसाला लवकर हलवते. मी टॉर्च घेतली ती त्या भीतीपोटीच, आणि ती अजून खणात पडून आहे. वाचवायच्या पॉइंटांचे खरे मोल किती आणि वाचवायला खर्च किती, हा हिशेब टॉर्च मागवण्यापूर्वी मी केला नव्हता. केला असता तर कदाचित ते बुडू दिले असते.

कंपन्यांच्या बाजूनेही काही म्हणणे आहे आणि त्यातले एक वजनदार आहे. मुदतच नसेल तर देणे अनंतकाळ वाढत जाईल, मृत झालेल्या आणि विसरलेल्या खात्यांचे ओझे वहीत कायम राहील, असे त्या म्हणतात. पण ब्रेकेजचा अंदाज बांधायला मुदत लागतेच असे नाही. किती लोक पॉइंट कधीच वापरत नाहीत हे मागच्या अनुभवावरून काढता येते. डेल्टाने २०११ मध्ये, जेटब्लूने २०१३ मध्ये आणि युनायटेड व साउथवेस्ट यांनी २०१९ मध्ये मुदत काढून टाकली. त्यांच्यावर आकाश कोसळले नाही. मुदत ही व्यवसायाची अपरिहार्य गरज आहे हे म्हणणे त्यांच्याच व्यवसायबंधूंनी खोटे पाडले आहे.

निष्क्रिय खात्यांवर चोरांचा डोळा असतो, म्हणून ती बंद करणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, असेही सांगितले जाते. यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. बँकेतले खाते बरीच वर्षे निष्क्रिय राहिले तर बँक ते गोठवते. त्यातली रक्कम स्वतःच्या नफ्यात ओढून घेत नाही.

करार मान्य करून सदस्य झालात, मग तक्रार कसली, हा मुद्दा मात्र न्यायालयांतही गाजला आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सविरुद्धच्या वोलेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुन्या मैलांना मागाहून नवे नियम लावल्याबद्दल कराराचा भंग झाला असा दावा सदस्य करू शकतात, पण राज्यांच्या ग्राहक-संरक्षण कायद्याचा आधार त्यांना घेता येणार नाही, कारण १९७८ च्या कायद्याने तो विषय राज्यांच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पुढे २०१४ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्स विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात, सतत तक्रारी करतो म्हणून सदस्यत्व काढून घेतलेल्या एका धर्मगुरूचा 'कंपनीने सद्भावनेने वागायला हवे होते' हा दावाही याच कारणाने टिकला नाही. थोडक्यात, करारात जे अक्षर आहे तेवढेच तुमचे. आणि ते अक्षर बदलण्याचा हक्क करारानेच समोरच्याला दिलेला आहे. ज्या करारात एका पक्षाने कधीही नियम बदलावेत आणि दुसऱ्याने ते पाळावेत, त्याला दोघांची संमती म्हणणे शब्दाचा अपमान आहे.

कायदेमंडळांना हे दिसत नाही असे नाही, पण ती अर्ध्या वाटेवर थांबतात. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने भेटकार्डांना किमान पाच वर्षांची मुदत सक्तीची केली, कारण भेटकार्डाचे पैसे कोणीतरी मोजलेले असतात. त्याच्या नियमांतून निष्ठा-योजनांची कार्डे मात्र वगळली गेली, कारण ती बक्षीस मानली गेली. बँकांनी घाऊक दराने विकत घेतलेले पॉइंट बक्षीस कसे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांना पॉइंटांचे घटवलेले मूल्य, अपारदर्शक किमती आणि शुल्के यांबद्दल माहिती मागणारी पत्रे पाठवली, म्हणजे प्रश्न विचारण्यापर्यंत तरी गाडी आली.

याहून पुढे गेला तो कॅनडा. तिथल्या एअर माइल्स या योजनेने पाच वर्षांहून जुने पॉइंट २०१६ च्या अखेरीपासून बाद होतील असे आधीच जाहीर केले होते. मुदत जवळ आली तशी लोकांची झुंबड उडाली. पॉइंट बुडू नयेत म्हणून नको असलेल्या वस्तूही घेतल्या गेल्या. ओंटारिओ प्रांताच्या विधिमंडळात केवळ काळ लोटला म्हणून पॉइंट बाद करण्यास मनाई करणारे विधेयक आले आणि १ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे मुदतीला महिना उरला असताना, कंपनीने निर्णय मागे घेतला. विधेयक त्याच महिन्यात मंजूर झाले. ज्यांनी घाबरून आधीच पॉइंट उधळले होते ते हात चोळत बसले. माझ्या टॉर्चसारख्या किती वस्तू त्या वर्षी कॅनडातल्या घरांत येऊन पडल्या असतील, असा विचार मनात येतो.

तरीही मुदतीवर सरसकट बंदी घालावी असे मी म्हणणार नाही, आणि इथे माझे अनेक मित्रांशी जमत नाही. पॉइंट कमी करण्याचा मुदत हा एकच मार्ग नाही. डेल्टाने २०११ मध्ये मुदत काढली आणि २०१५ मध्ये कुठल्या प्रवासाला किती मैल लागतात याचा जाहीर तक्ताच काढून टाकला. युनायटेडने ज्या २०१९ साली मुदत संपवली, त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा तक्ताही गेला. मॅरियटचा तक्ता २०२२ मध्ये गेला. तक्ता गेला की तिकिटाचे किंवा खोलीचे पॉइंट-मोल रोज बदलू शकते, आणि काल पंचवीस हजारांत मिळणारी गोष्ट आज चाळीस हजारांना झाली तर कुठला नियम मोडला असे म्हणता येत नाही. पॉइंट अमर राहतात, फक्त झिजतात. मुदत निदान तारीख सांगून येते. झीज सांगूनही येत नाही. म्हणून केवळ मुदतीवर बंदी घालणारा कायदा एका दाराला कुलूप लावून दुसरे सताड उघडे ठेवतो.

साठवणीचा आणखी एक धोका आहे. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाची अॅन्सेट ही विमानकंपनी बंद पडली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंट मातीमोल झाले. २०१७ मध्ये एअर बर्लिनसोबत तिची टॉपबोनस योजनाही दिवाळखोरीत गेली. पॉइंट ही बिनव्याजी, बिनतारणी उधारी आहे आणि ती आपण कंपनीला देत असतो. ती जितकी कमी काळ द्यावी तितके बरे, हे माझे वैयक्तिक मत आहे आणि मुदतीच्या विरोधात लिहिताना ते लपवण्याचे कारण नाही.

मागणी करायची ती ओझे कोणाच्या खांद्यावर असावे याबद्दल. शेवटच्या व्यवहारापासून किमान तीन वर्षे पॉइंटला हात लावता येऊ नये आणि व्यवहार म्हणजे ग्राहकाने तो केला तो दिवस, कंपनीच्या संगणकाला सवड झाली तो नव्हे. मुदत संपण्याआधी दोन महिने स्वतंत्र सूचना जायला हवी, आणि ती गेली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असावी. आठवड्याला तीन जाहिराती पाठवू शकणाऱ्या कंपनीला ही एक सूचना पाठवणे जड नाही. सूचना गेली नसेल तर पॉइंट बाद झालेच नाहीत असे धरावे. बाद झालेले पॉइंट वर्षभरात मागितले तर शुल्काशिवाय परत मिळावेत, कारण शुल्क घेऊन परत करता येतात याचा अर्थ ते शुल्क न घेताही परत करता येतात. श्रेणीवंतांना मुदतीतून सूट द्यायची असेल तर सगळ्यांनाच द्यावी. सदस्य वारला तर त्याचे पॉइंट वारसाला मिळावेत. अनेक योजनांच्या अटींत ते मृत्यूबरोबर संपतात, किंवा ते देणे-न देणे कंपनीच्या मर्जीवर राहते. आणि दरवर्षी एकूण दिलेल्या पॉइंटांपैकी किती मुदतीने बाद झाले, ते कोणत्या श्रेणीतल्या सदस्यांचे होते, हा आकडा जाहीर व्हावा. बाकी सगळे एकवेळ नाही मिळाले तरी चालेल, पण हा आकडा हवा, कारण कोणाकडून घेऊन कोणाला दिले जाते याविषयी मी वर जे म्हटले आहे ते खरे की खोटे, याचा निवाडा त्याच्यावरच होईल. असा आकडा जाहीर करण्यात व्यापारी गुपित फुटते असे कोणी म्हणाले, तर ते गुपित कोणापासून राखायचे आहे हेही विचारता येईल.

माझ्या अठरा हजारांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी शुल्क भरले नाही. टॉर्चच्या खरेदीची पावती आणि तिच्यावरची तारीख जोडून एक पत्र लिहिले. उत्तर आले नाही म्हणून दुसरे लिहिले. तिसऱ्यानंतर सगळे पॉइंट खात्यावर परत आले. सोबतच्या दोन ओळींच्या निरोपात म्हटले होते की नियमानुसार हे पॉइंट देय नाहीत, तथापि आमच्या मौल्यवान सदस्याप्रती सदिच्छा म्हणून ते एकवेळची बाब समजून देण्यात येत आहेत. खाली, बारीक अक्षरांत, नव्या मुदतीची तारीख होती. त्याच संध्याकाळी मी दोन रात्रींचे आरक्षण करून खाते जवळपास रिकामे केले. तीनशे दहा पॉइंट तेवढे उरले आहेत.